पान सतरावरची गोगलगाय

३ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ढगाळ, दुपारनंतर ऊन. ग्रंथालयात पाच पुस्तकं. तीन शिवली, एकाला नवा पुठ्ठा. हिरव्या पुस्तकाचं पान १७-१८ नव्याने काढून चिकटवलं. गोगलगाय छान उतरली. दुसऱ्या शाखेची प्रत चार वाजता परत गेली. उरलेली खळ फेकली. जाऊबाईंचा गुडघा आज बरा.

रोजनिशीतल्या या नोंदीत एक शब्द नियमाबाहेरचा होता. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरनी मुलींना रोज पाच ओळी लिहायची सवय लावली, तेव्हाच बजावलं होतं, ‘काय वाटलं ते देवाला सांगा, काय झालं ते वहीत लिहा.’ खळमावशींनी हा नियम पंचावन्न वर्षं पाळला. लग्न झालं त्या दिवशी ‘लग्न झालं. चपला नव्या, चावल्या’ एवढंच लिहिलं होतं. यजमान गेले त्या दिवशी वेळ आणि डॉक्टरांचं येणं. ‘छान’ हा शब्द त्या वह्यांमध्ये शोधायचा तर दिवा घेऊन फिरावं लागलं असतं. पण त्या गुरुवारी तो उतरला खरा.

खळमावशी हे नाव मुलांनी ठेवलेलं. ग्रंथालयाच्या बालविभागाला मागे एक खोली होती. खोलीत एक लांब टेबल, खिडकीपाशी लोखंडी प्रेस, भिंतीला टेकलेले पुठ्ठे, आणि कोपऱ्यात एक छोटी शेगडी. शेगडीवर मावशी मैद्याची खळ शिजवत. कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालत आणि भांड्यावर लाल रंगाने ‘विष’ असं लिहून ठेवत. त्या एका शब्दामुळे मुलं दारात रांग लावून उभी राहत. मुलांना पुस्तक आवडेल की नाही सांगता येत नाही, पण विष नक्की आवडतं.

त्यांचं सगळं आयुष्य बाइंडिंगमध्येच गेलं. सासऱ्यांचा कारखाना होता. यजमान कापायचे, त्या शिवायच्या. ऑफिसांची रजिस्टरं, कॉलेजचे प्रबंध, काळं कापड, सोनेरी अक्षरं. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली आणि त्यांतलं एकही कुणी उघडून वाचत असेल असं त्यांना वाटलं नाही. यजमान गेल्यावर यंत्रं विकली, आणि ग्रंथालयाने आठवड्याला तीन दिवस बोलावलं. तिथे त्यांनी पहिल्यांदा वाचून वाचून फाटलेली पुस्तकं पाहिली. बिस्किटाचे चुरे, खडूचे डाग, पाठ उखडलेली, कोपरे चघळलेले. त्यांना ती पुस्तकं बघून काय वाटलं ते त्यांनी देवाला सांगितलं असेल. वहीत लिहिलं, ‘सतरा पुस्तकं आली. सगळी वापरलेली.’

शिवता शिवता त्या वाचू लागल्या. शाळेत मुलींना शास्त्राच्या तासाला भरतकाम असायचं, त्यामुळे फुलपाखरू पायांनी चव घेतं हे त्यांना साठाव्या वर्षी, एक पाठ वाळत असताना कळलं. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो हे ठाऊक होतं, पण सावलीसुद्धा रंगीत असते हे चित्रकलेच्या एका फाटक्या पुस्तकाने सांगितलं. त्या दिवशी त्या घरी जाताना भिंतींवरच्या सावल्या बघत इतक्या हळू चालल्या की जाऊबाईंनी विचारलं, ‘पाय मुरगळला का गं?’

मुलांच्या पुस्तकांचं एक दुखणं त्यांच्या लवकर लक्षात आलं. जे पान सगळ्यांत आवडतं तेच हरवतं. कुणी फाडून नेतं, कुणी हात लावून लावून झिजवतं. कंटाळवाणं पान शंभर वर्षं टिकतं. तेव्हाचे ग्रंथपाल निवृत्तीला आलेले, सुस्वभावी गृहस्थ. त्यांनी ‘बघा तुम्हाला जमतं का’ म्हटलं, आणि मावशींनी पहिलं हरवलेलं पान हाताने काढून लावलं. दुसऱ्या शाखेतून तेच पुस्तक एका दिवसापुरतं मागवायचं, चित्र बघून काढायचं किंवा अवघड असेल तर बटर पेपरवर उतरवून घ्यायचं, रंग कुठे कोणता ते पेन्सिलीने बाजूला लिहायचं, मजकूर आपल्या गोलसर अक्षरात लिहून काढायचा. अकरा वर्षांत अशी सव्वीस पानं झाली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवलं होतं. ही सव्वीस पानं तेवढी त्यांची होती.

मग नव्या ग्रंथपालबाई आल्या. तरुण, चष्मा डोक्यावर सरकवण्याची सवय, बोलणं सरळ. त्यांनी सगळी पानं पाहिली, कौतुक केलं, आणि कौतुकाच्या शेपटाला एक अट बांधली. मुलं छापलेलं आणि काढलेलं वेगळं मानत नाहीत, पुस्तकात आहे म्हणजे खरं, तेव्हा एकदा जरी चूक निघाली तर हे काम बंद करावं लागेल. मावशी म्हणाल्या, बरं. अट त्यांना रास्तच वाटली होती. शिवाय चूक त्यांची होत नसे.

*

सप्टेंबरच्या मध्यावर एक दुपार. शाळा सुटलेली. दारात भिंग उभी होती. भिंग ही दहा वर्षांची मुलगी. गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग घालून सगळीकडे फिरायची, म्हणून ते नाव. हिरवं पुस्तक तिनेच नेलं होतं आणि दोनदा मुदत वाढवून घेतली होती.

‘खळमावशी, विष आहे का आज?’ हा नेहमीचा प्रश्न तिने विचारला नाही. पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यावर एक वही ठेवली आणि म्हणाली की पुस्तक परत करायचंय आणि वही फेकायची आहे, तुमच्याकडे रद्दीचा डबा आहे म्हणून इकडे आले.

मावशींच्या हातात सुई होती. त्यांनी सुई खोचून ठेवली आणि वही उघडली. दुसऱ्याची वही उघडू नये हे त्यांनाही माहीत होतं, पण रद्दीत पडणारी वही बघितल्याशिवाय टाकू नये हा बाइंडरचा नियम जुना.

आत एकेचाळीस गोगलगाई होत्या. प्रत्येकीला क्रमांक, तारीख, कुठे सापडली ते ठिकाण. टाकीखाली. कुंडीमागे. शाळेच्या नळापाशी. प्रत्येकीचं छोटं चित्र, आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द: उजवं, उजवं, उजवं. शेवटच्या पानावर बेचाळीस असा आकडा घालून पुढे लिहिलं होतं, ‘माझंच चुकतं.’

मावशींनी विचारलं, ‘हे उजवं म्हणजे काय गं?’

भिंगने उसासा टाकून समजावलं. शंखाचा शेंडा वर धरायचा आणि तोंड आपल्याकडे करायचं. मग तोंड एका बाजूला येतं. पुस्तकातल्या गोगलगाईचं डावीकडे येतं. तिला सापडलेल्या सगळ्यांचं उजवीकडे. आधी तिला वाटलं, पुस्तकातली वेगळ्या जातीची असेल, आपण शोधू. मग वाटलं, आपण नीट बघत नाही. मग शाळेत बाईंना विचारलं. बाईंनी पुस्तक बघितलं, गोगलगाय बघितली नाही, आणि सांगितलं की तू उलटी धरत असशील, छापलेलं खोटं नसतं. वर्ग हसला. दोन दिवस तिला ‘उलटी’ म्हणत होते.

‘पण चित्रातही शेंडा वरच आहे ना?’ मावशींनी विचारलं.

‘तेच तर म्हणतेय मी. म्हणजे म्हणत होते.’

ती गेली. मावशींनी वही रद्दीच्या डब्यात टाकली नाही, पिशवीत टाकली.

*

घरी आल्यावर त्या चप्पलही न काढता मागच्या दारी गेल्या. कुंडीच्या बुडाला एक गोगलगाय चिकटलेली होती. शेंडा वर, तोंड आपल्याकडे. उजवीकडे. दुसरी पाइपाच्या आडोशाला. तीही उजवीकडे. हातच्या काकणाला आरसा कशाला. तरी त्यांनी तिसरी शोधली.

मग त्यांनी कपाटातून फाइल काढली. बटर पेपरवर उतरवलेलं एकही चित्र त्यांनी कधी टाकलं नव्हतं. गोगलगाय वरच होती, कडेला त्यांच्या अक्षरात सूचना: ‘कवच: चहात दूध जास्त झाल्यासारखं. कडा: जळक्या साखरेची.’ बटर पेपरवरच्या गोगलगाईचं तोंड उजवीकडे होतं.

म्हणजे छापणाऱ्याने बरोबर छापलं होतं आणि त्यांनी बरोबर उतरवलं होतं. चूक पुढच्या पायरीवर. बटर पेपरवरचं चित्र जाड कागदावर घेताना आधी त्याच्या पाठीवरून पेन्सिल फिरवायची, मग तो सुलट ठेवून घासायचा, ही खरी रीत. वेळ लागतो. मावशींचा हात चाळीस वर्षं रजिस्टरांच्या कडेची वेलबुट्टी उतरवत आला होता. तिथे कागद सरळ पालथा घालायचा आणि मागून चमच्याने घासायचं, चित्र उमटतं. उलटं उमटतं, पण वेलीला काय डावं आणि काय उजवं. त्या गुरुवारी चार वाजायला आले होते, प्रत परत जायची होती, आणि हाताने हाताला ठाऊक असलेलं काम केलं. रंगवायला बसल्या तेव्हा मूळ पुस्तक समोर नव्हतंच.

मावशी पलंगावर बसल्या. जिन्यावरून जाऊबाई उतरल्या. त्या वरच्या मजल्यावर राहत, आणि संध्याकाळी गुडघा परवानगी देईल तसा खाली येत. मावशींनी त्यांना सगळं सांगितलं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं.

जाऊबाईंनी हिशेब लगेच केला. कुणाला कळलंय का? नाही. पोरगी स्वतःलाच दोष देतेय ना? हो. पुस्तक तुझ्याकडेच आहे ना? हो. मग उद्या ते पान काढ, दुसरं लाव, झालं.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘आणि एका गोगलगाईपायी तुझं ते चित्रांचं काम जाईल ते वेगळंच. मग दिवसभर शिवत बसशील आणि संध्याकाळी माझ्यावर चिडशील.’

‘मी कधी चिडते?’

‘बघ, चिडलीस.’

मावशींना हसू आलं. सल्ला मात्र त्यांना पटला, आणि तो पटला याची लाजही वाटली नाही. रात्री त्यांनी रोजनिशी उघडली. तीन ऑगस्टचं पान काढून वाचलं. ‘छान’ तिथे तसाच होता. त्यांनी त्या दिवशीची नोंद लिहिली: ‘भिंग आली. हिरवं पुस्तक परत.’ आणि दिवा मालवला.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं पान काढलं. या वेळी रीतीने, पाठीवर पेन्सिल फिरवून. दुपारपर्यंत गोगलगाय उजवी झाली. हिरवं पुस्तक टेबलावर उघडं होतं, जुनं पान सोडवायला ओलं फडकं तयार होतं. पाच मिनिटांचं काम.

पण बाइंडरचा हात पान काढायच्या आधी पुढचं-मागचं बघतो. मावशींनी सवयीने पुस्तक चाळलं, आणि त्यांना भिंग दिसली. म्हणजे महिन्याभराने भिंग हे पुस्तक पुन्हा उघडेल तेव्हाची भिंग. उघडणारच होती, अशी मुलं आवडतं पुस्तक सोडत नाहीत. सतरावं पान काढेल, आणि गोगलगाय उजवी. मग तिला काय वाटेल? की तेव्हा आपल्याला डावं दिसलं. की पुस्तक पहिल्यापासून बरोबर होतं आणि आपले डोळे वेडे. एकेचाळीस वेळा बरोबर बघितलेल्या मुलीला त्या स्वतःच्या हाताने खोटं पाडणार होत्या, आणि तिच्या बाई म्हणाल्या होत्या ते खरं करणार होत्या.

त्यांनी ओलं फडकं पिळून दोरीवर टाकलं. बटर पेपर, दोन्ही पानं, भिंगची वही आणि हिरवं पुस्तक असं सगळं उचलून त्या ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी गेल्या.

बाईंनी शांतपणे ऐकलं. चष्मा डोक्यावरून खाली घेतला, बटर पेपर उजेडाला धरला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. मग विचारलं की अशी आणखी किती पानं आहेत. मावशी म्हणाल्या, सव्वीस. पण बटर पेपरने उतरवलेली अकराच, बाकीची बघून काढलेली. कोणती कधी काढली त्याच्या तारखा रोजनिशीत आहेत.

त्या संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस मावशी, बाई आणि ग्रंथालयातले शिपाईदादा मिळून अकरा पुस्तकं तपासत बसले. फुलपाखरू दोन्हीकडून सारखं, सुटलं. पानांच्या शिरा सुटल्या. चंद्राच्या कला मात्र उलट्या निघाल्या. वाढता चंद्र कमी होत होता, आणि चार वर्षांत कुणीच वर बघून ताडून पाहिलं नव्हतं. चित्रकलेच्या पुस्तकात कुंचला धरलेला हात होता. मूळ पुस्तकात तो उजवा असणार, मावशींच्या पानावर डावा झाला होता.

शिपाईदादा डावखुरे. ते पान बघून त्यांचा चेहरा पडला. ‘हे पण चुकलेलं? मला वाटलं, एका तरी पुस्तकाने आमची दखल घेतली. त्यावर बघून मी नातवाला कुंचला धरायला शिकवला.’

‘त्याला जमला ना धरायला?’ बाईंनी विचारलं.

‘जमला की. तोही डावराच आहे.’

बाईंनी ते पान तसंच ठेवलं. चंद्राच्या पानावर आणि गोगलगाईच्या पानावर मात्र निर्णय करायला हवा होता, आणि बाई तो टाळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची मावशींच्या जवळ ओढली.

‘मावशी, तुम्ही आपणहून आलात. नसता आलात तर मला कळलं नसतं, हे मला माहीत आहे. तरी हाताने काढलेली पानं आता बंद. तुमच्या हाताचा दोष नाही. इथे ते तपासणारं कुणी नाही, मीसुद्धा नाही. मी दोन वर्षं ती गोगलगाय बघितली असती तरी मला कळलं नसतं.’

‘अट आधीच ठरलेली होती,’ मावशी म्हणाल्या.

‘चंद्राचं आणि गोगलगाईचं तेवढं दुरुस्त करा. मग फक्त शिवण आणि पुठ्ठे.’

मावशी मागच्या खोलीत गेल्या आणि ज्या पुस्तकाची पाठ अर्धवट राहिली होती ती पूर्ण केली. टाके त्या दिवशी नेहमीपेक्षा जवळ जवळ पडले.

*

भिंगला बोलावणं गेलं तेव्हा तिला वाटलं पुस्तकाचा दंड असणार. ती दारातच थांबली. मावशींनी तिला स्टुलावर बसवलं आणि एका दमात सांगितलं.

‘ते पान छापलेलं नाही. मी काढलंय. काढताना कागद पालथा घातला आणि चित्र उलटं झालं. तुझं एकही चुकलेलं नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस बरोबर आहेत.’

मुलगी खूश होईल, निदान शाळेतल्या बाईंना सांगायला पळेल, अशी मावशींची अपेक्षा होती. पण भिंगचा खालचा ओठ पुढे आला.

‘म्हणजे डावी गोगलगाय नसतेच?’

हे मावशींच्या ध्यानीमनीही नव्हतं. मुलीला आपण बरोबर असण्यापेक्षा ती गोगलगाय हवी होती. सहा आठवडे ती तिलाच शोधत होती. मावशी उठल्या, मोठ्यांच्या विभागातून प्राण्यांचा जाडजूड कोश घेऊन आल्या. त्याची पाठ त्यांनीच दोनदा बदलली होती. दोघींनी मिळून त्यात शोधलं. शंखांवरच्या प्रकरणात, बारीक अक्षरात, तळाशी सापडलं: बहुतेक शंख उजवे; डावे क्वचितच, हजारोंत एखादा.

भिंगने ती ओळ भिंगातून तीनदा वाचली. मग हळूच म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही चुकून खरी काढलीत.’

‘चुकूनच,’ मावशी म्हणाल्या.

‘मग ते पान फेकू नका ना.’

पान फेकलं नाही, पण पुस्तकातही राहिलं नाही. ग्रंथपालबाईंनी ते पुठ्ठ्यावर चिकटवून बालविभागाच्या भिंतीवर लावायला परवानगी दिली. खाली मावशींच्या गोल अक्षरात दोन ओळी: ‘ही गोगलगाय चुकून डावी काढली गेली. अशी खरी सापडली तर ग्रंथालयात कळवा.’ आठवड्याभरात मुलांनी कळवायला सुरुवात केली. कुणी काडेपेटीत, कुणी खिशात, एकाने तर डब्यात. सगळ्या उजव्या. शिपाईदादा दारात उभं राहून विचारत, ‘शेंडा वर धरून बघितलास का?’ आणि बघितला नसेल तर परत पाठवत. त्यांत भिंगच्या वर्गातली, तिला ‘उलटी’ म्हणणारी तिघंजण होती. भिंगने रद्दीतून बचावलेली वही परत मागून घेतली आणि बेचाळीस आकड्यापुढचं वाक्य खोडून तिथे एक गोगलगाय काढली.

मावशींनी शेवटचं पान तेवढं काढलं. आधी रीतीने काढलेलं चांगलंच होतं, पण भिंग म्हणाली की ते चित्रावरून काढलेलं चित्र आहे, खऱ्यावरून काढा. तेव्हा कुंडीमागची गोगलगाय डब्यात घालून टेबलावर आली. झाकणाला अरीने भोकं पाडली. मावशी काढत होत्या आणि भिंग शेजारी बसून तोंड कोणत्या बाजूला आहे ते दर दोन मिनिटांनी तपासत होती. मावशींसमोर पहिल्यांदाच ना पुस्तक होतं ना बटर पेपर. शिंगं थोडी वाकडी आली. गोगलगाय हलत होती त्याला काय करणार.

पान चिकटवून, पुस्तक प्रेसमध्ये घालून त्यांनी चक्र आवळलं. कुंचले धुतले, पुसले, आणि रंगांची पेटी घरी न्यायच्या पिशवीत ठेवली. ती आता इथे लागणार नव्हती.

घरी जाऊबाई वाट बघत होत्या. त्यांनी विचारलं, गेलं का काम? मावशी म्हणाल्या, गेलं. जाऊबाई म्हणाल्या, मी सांगितलं होतं. मावशी म्हणाल्या, हो, सांगितलं होतंत. मग जाऊबाईंनी पिशवीत डोकावून पेटी पाहिली आणि विचारलं की आता हिचं काय करणार. मावशींनी ती खिडकीत ठेवली. बाजूला डबा ठेवला, झाकण उघडं करून. गोगलगाय सावकाश बाहेर आली. तिची सावली खिडकीच्या चौकटीवर पडली होती, आणि ती काळी नव्हती. मावशींनी खुर्ची ओढली.

जेवणं उरकल्यावर त्यांनी रोजनिशी लिहिली.

२२ सप्टेंबर, शुक्रवार. ऊन. हिरव्या पुस्तकाचं पान १७-१८ पुन्हा लावलं. शेवटचं. रंगपेटी घरी आणली. कोबीची बाहेरची चार पानं गोगलगाईला दिली, उरलेली भाजी दोघींना पुरली.